‘विनाकारण’ फिरणाऱ्यांची टाळेबंदी

करोनाच्या साथीने मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात अनेक शब्द आणून सोडले. विलगीकरण, प्रतिबंधित क्षेत्र, सामाजिक अंतर हे त्यांतले काही. यांतले बहुतेक शब्द साथीबरोबर विरूनही गेले. पुण्याच्या चौकाचौकांत पोलिसांच्या ध्वनिक्षेपकावरून अहोरात्र ऐकू येणारा एक शब्द मात्र नवा नव्हता. तो होता ‘विनाकारण’. विनाकारण घराबाहेर पडू नका, विनाकारण वाहन चालवू नका, विनाकारण फिरताना आढळल्यास वाहन जप्त करण्यात येईल. साथीच्या दृष्टीने या आदेशात गैर काहीच नव्हते. पण ज्या शहरातील एक मोठा वर्ग आपली मोटारसायकल निव्वळ हौसेखातर, म्हणजे शासकीय भाषेत विनाकारणच चालवतो, त्या शहरासाठी हा शब्द म्हणजे एका संपूर्ण जीवनपद्धतीवरचा मनाई हुकूम होता. मोटारसायकलवेड्या माणसाच्या लॉकडाऊनमधील दिनक्रमाकडे थोड्या बारकाईने पाहिले, तर त्यात केवळ एका छंदाची परवड दिसत नाही. पुणे हे शहर कशावर चालते, याचाही बराचसा उलगडा त्यातून होतो.

दुबईहून परतलेल्या पुण्यातील दांपत्याला करोनाची लागण झाल्याचे ९ मार्च २०२० रोजी, होळीच्या दिवशी निष्पन्न झाले आणि राज्यातील पहिल्या रुग्णांची नोंद पुण्याच्या नावावर लागली. १३ मार्चला राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. हा कायदा ज्या प्लेगच्या साथीमुळे जन्माला आला, तिच्या पुण्यातील आठवणी रँडच्या कारकिर्दीशी आणि गणेशखिंड रस्त्यावरील गोळीबाराशी जोडलेल्या आहेत, हे वेगळे सांगायला नको. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ मार्चला राज्यभर संचारबंदी आली आणि २४ च्या रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. टाळेबंदीचा पहिला दिवस होता २५ मार्च, गुढीपाडवा. त्याच दिवशी ते पहिले दांपत्य बरे होऊन नायडू रुग्णालयातून घरी गेले.

पाडवा आणि नवे वाहन यांचे पुण्यात किती घट्ट नाते आहे, हे वितरकांना विचारावे. महिनाभर आधी नोंदणी करायची, पाडव्याला सकाळी हार घालून, नारळ फोडून गाडी घरी आणायची आणि पहिली फेरी कसबा गणपतीला किंवा सारसबागेला, हा अनेक घरांतला रिवाज. २०२० सालच्या पाडव्याला तर आणखी एक निमित्त होते. भारत स्टेज चार, म्हणजे ‘बीएस ४’ मानकांची वाहने ३१ मार्चनंतर विकता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच दिला होता. त्यामुळे उरलेल्या गाड्यांवर घसघशीत सवलती होत्या आणि जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरवर जीव असलेल्यांच्या दृष्टीने ही शेवटची संधी होती. पाडवा २५ ला, मुदत ३१ ला आणि मधल्या सहा दिवसांत सगळे शहर कुलूपबंद. देशभरातील वितरकांकडे या मानकाच्या सुमारे सात लाख दुचाकी पडून असल्याचे त्यांच्या संघटनेने न्यायालयासमोर मांडले. न्यायालयाने २७ मार्चला त्यांतील दहा टक्के वाहने टाळेबंदी उठल्यावर दहा दिवसांत विकण्यास मुभा दिली, पण मर्यादेपेक्षा अधिक वाहने विकली गेल्याचे दिसताच ८ जुलैला ती मागे घेतली. मार्चअखेरपूर्वी विकल्या गेलेल्या आणि संगणकीय नोंद झालेल्या वाहनांची नोंदणी करण्यास अखेर १३ ऑगस्टला परवानगी मिळाली. ज्यांची नोंदणी या गोंधळात राहून गेली, त्यांच्या दारात साडेचार महिने नवी कोरी गाडी उभी होती, पण तिला क्रमांक नव्हता. रस्ता मोकळा झाल्यावरही ती रस्त्यावर आणण्याची सोय नव्हती.

ज्यांच्याकडे गाडी होती, क्रमांक होता आणि वेळच वेळ होता, त्यांचे काय? हौशी मोटारसायकलस्वाराचा आठवडा एरवी रविवारभोवती फिरतो. पहाटे साडेपाचला निघायचे, चांदणी चौकातून मुळशी-ताम्हिणी किंवा कात्रजहून खंबाटकीकडे जायचे, वाटेत मिसळ खायची, बारापर्यंत घरी परतून जेवायचे आणि उरलेला आठवडा त्या चार तासांच्या आठवणीवर नोकरी करायची. हा रविवार नाहीसा झाला आणि त्याच्या जागी सात सारखे वार आले. सोसायटीच्या वाहनतळात सकाळी एक आकृती दिसू लागली. तोंडाला रुमाल, हातात जुने बनियन, पायाशी पाण्याची बादली. गाडी काल धुतलेली असे, तरी ती आज पुन्हा पुसली जाई. साखळीवरची धूळ जुन्या दातांच्या ब्रशने निघे, तिच्यावर नव्वद नंबरच्या ऑइलचे थेंब सोडले जात. चाकाच्या एकेका आरीला हात लागे. ‘घरात एवढा हातभार लावला असता तर’ हे वाक्य त्या दिवसांत पुण्यातल्या किती घरांत उच्चारले गेले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

यातील विनोदाचा भाग सोडला, तरी उभ्या गाडीची निगा हे खरोखरच एक शास्त्र आहे आणि अनेकांना ते याच काळात प्रथम समजले. गाडी चालवल्याने झिजते, ही आपली सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात ती उभी राहूनही खराब होते, आणि पुष्कळदा अधिक लवकर होते. बॅटरी वापराविना आपोआप उतरते. आधुनिक गाडीतील घड्याळ आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चावी बंद असतानाही तिच्यातून किंचित वीज घेत राहतात. म्हणून लोक रोज दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करीत, आणि नेमके तेच चुकीचे होते. स्टार्टर एका झटक्यात बॅटरीतून जेवढी वीज ओढतो, तेवढी दोन मिनिटांच्या मंद चालण्यातून परत भरत नाही. शिवाय इंजिन पुरते तापत नसल्याने ज्वलनात तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचून राहते आणि गंज धरतो. आठवड्यातून एकदाच, पण दहा-पंधरा मिनिटे गाडी चालू ठेवणे, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. मात्र बंदिस्त वाहनतळात पंधरा मिनिटे इंजिन घुमवणाऱ्याकडे वरच्या मजल्यावरून कोणत्या नजरेने पाहिले जाते, हा सोसायटीच्या राजकारणाचा विषय आहे.

पेट्रोलची कथा याहून गमतीची. दीर्घकाळ उभ्या ठेवायच्या गाडीची लोखंडी टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत हवा आणि तिच्यातील ओलावा कमी राहून गंज चढत नाही, असा जाणकारांचा सल्ला. पण पुण्यात पंपांवर सामान्य नागरिकाला पेट्रोल देणेच बंद झाले होते. अत्यावश्यक सेवेचे ओळखपत्र असेल त्यालाच ते मिळे. त्यात आपल्याकडील पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. कार्बोरेटरच्या छोट्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर जेटच्या केसाएवढ्या छिद्रात जाऊन बसतो. जुन्या पिढीला यावरचा उपाय ठाऊक होता. पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालवायचे. नव्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांना ना कॉक, ना चोक, आणि अनेकांना तर किकही नाही. बॅटरी पूर्ण उतरली की त्या एखाद्या शोभेच्या वस्तूसारख्या उभ्या. वडिलांची पंचवीस वर्षांची स्कूटर आडवी करून दोन किकमध्ये चालू झाली आणि मुलाची दीड-दोन लाखांची मोटारसायकल नुसतीच टिकटिकत राहिली, हे दृश्य बापलेकांच्या संवादाला पोषक ठरले नसावे.

टायर एकाच जागी दबून राहू नयेत म्हणून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, ती नसेल तर दोन-चार दिवसांनी थोडी पुढे-मागे ढकलावी. क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटतात, म्हणून अधूनमधून क्लच दाबावा. प्लॅस्टिकचे आच्छादन पावसाळ्यात ओल धरून ठेवते, म्हणून ते मधून मधून काढावे. आणि उंदीर! शांत झालेल्या वाहनतळात सीटखाली संसार थाटून वायरी कुरतडणाऱ्या उंदरांनी जेवढे नुकसान केले, तेवढे पुण्याच्या खड्ड्यांनीही कधी केले नसेल, असे म्हणणारे गॅरेजवाले आहेत.

या गॅरेजवाल्यांचा विचार हौशी मंडळींच्या गप्पांत फारसा आला नाही, तो इथे करायला हवा. नाना पेठ ही पुण्यातील दुचाकींच्या सुट्या भागांची पेठ. क्लचची केबल, हेडलाइटची काच, आरसा, हेल्मेट यांपैकी काहीही हवे असले की पुणेकर तिकडे वळतो. तिच्याच परिसरात, भवानी पेठ आणि कासेवाडीच्या दाट वस्तीत, साथीचा उद्रेक सर्वाधिक होता आणि एप्रिलमध्ये शहराच्या पूर्वेकडील पेठा सीलबंद झाल्या. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, जिथे बंद पडलेल्या मॉडेलचा एखादा दुर्मीळ भाग चिकाटीने शोधल्यास सापडतो, तोही थांबला. राज्याच्या ‘पुनश्च हरिओम’च्या पहिल्या टप्प्यात, ३ जून २०२० पासून, गॅरेजना परवानगी मिळाली ती आधी वेळ ठरवून येणाऱ्या ग्राहकांपुरती. म्हणजे रस्त्याच्या कडेला एक पेटी, एक हवेचा पंप आणि एक शिकाऊ पोरगा घेऊन बसणाऱ्या मेकॅनिकने हातावरच्या पोटाचे जवळपास अडीच महिने काढले होते. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र शासनाने उदारपणा दाखवला. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेले परवाने आणि नोंदणीपत्रे आधी ३० जूनपर्यंत आणि मग मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत २०२१ च्या शरदापर्यंत वैध मानली गेली. कागद जिवंत ठेवणे सोपे असते. मेकॅनिकच्या बुडालेल्या मजुरीला अशी मुदतवाढ नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. टाळेबंदीने वाहनचालकांचे दोन वर्ग केले, सकारण आणि विनाकारण. परिचारिका, सफाई कर्मचारी, औषध दुकानदार, घरपोच जिन्नस पोहोचवणारी मुले हे सकारण. हौसेने फिरणारा विनाकारण. वरवर पाहता ही विभागणी निर्विवाद. पण पुण्यासारख्या शहरात तिच्या मधोमध एक फार मोठा वर्ग उभा होता, आणि त्याच्याविषयी आदेश मुका होता. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या आकडेवारीनुसार मार्च २०१८ मध्येच पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या सुमारे ३६ लाखांवर गेली होती, म्हणजे शहराच्या अंदाजित लोकसंख्येहूनही अधिक, आणि त्यांपैकी सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. हे वेड नव्हे, ही गरज आहे. सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्याने सायकल सोडली ती चैनीखातर नव्हे. शहर हडपसरपासून हिंजवडीपर्यंत पसरले आणि बस त्याच्या मागोमाग गेली नाही. १९७२ मध्ये एकीकडे आकुर्डीहून बजाजची चेतक आली आणि दुसरीकडे फिरोदियांच्या कायनेटिकची लुना. पुढची पन्नास वर्षे पुणेकराने सार्वजनिक वाहतुकीची उणीव स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या पाठीच्या कण्यावर भरून काढली.

टाळेबंदीत ही व्यवस्था उघडी पडली. पीएमपीच्या गाड्या अत्यावश्यक सेवेपुरत्या धावत होत्या. सामान्य प्रवाशांसाठी त्या सुरू झाल्या ३ सप्टेंबर २०२० रोजी. मेट्रो तर तेव्हा खांबांवरच होती, तिचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये आला. म्हणजे जूनमध्ये कार्यालये आणि दुकाने अंशतः उघडली तेव्हा कामावर जाण्यासाठी सामान्य माणसाजवळ दुचाकीखेरीज काहीच नव्हते, आणि तिच्यावरही एकट्यानेच बसायचे होते. एकाच घरात झोपणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या नवरा-बायकोने एका स्कूटरवर बसू नये, या नियमामागचे आरोग्यशास्त्र शेवटपर्यंत कोणाला समजले नाही. मोटारीत चालकाखेरीज दोघे बसू शकत, रिक्षात दोघे बसू शकत. मोकळ्या हवेत चालणाऱ्या दुचाकीवर मात्र मागचा माणूस निषिद्ध. ज्याच्याकडे मोटार आहे त्याचे कुटुंब एकत्र जाऊ शकते आणि ज्याच्याकडे स्कूटर आहे त्याचे नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

जुलैअखेरच्या आदेशाने मागच्या माणसाला परवानगी दिली, ती हेल्मेट आणि मुखपट्टी दोन्ही सक्तीची करून. पुण्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी येथे क्षणभर थांबावे. हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती स्थापणारे, मोर्चे काढणारे आणि १ जानेवारी २०१९ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाल्यावर मानदुखीपासून व्यक्तिस्वातंत्र्यापर्यंत सर्व युक्तिवाद करणारे हे शहर. मुखपट्टी मात्र त्याने तुलनेने निमूटपणे बांधली. भीती जवळून दिसली की माणूस नियम पाळतो. रस्त्यावरचा मृत्यू रोजचा असल्याने त्याची भीती वाटेनाशी झालेली असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ५१ हजारांवर माणसे मेली आणि टाळेबंदीच्या २०२० या वर्षातही १ लाख ३१ हजारांवर. मृतांतील दुचाकीस्वारांचे प्रमाण मात्र सुमारे ३७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. रस्ते रिकामे झाले म्हणून दुचाकीस्वार सुरक्षित झाला नाही. महिनोन्‌महिने रस्ते ओस पडलेल्या वर्षात एकूण बळींचा आकडा तेरा टक्क्यांनीच उतरावा आणि दुचाकीस्वाराचा वाटा वाढावा, यावर हेल्मेटविरोधी समितीचे म्हणणे काय, हे ऐकायला आवडेल.

मोटारसायकलचा दुसरा चेहराही याच दिवसांत दिसला. तेलंगणातील बोधनच्या एका शिक्षिकेने आंध्रातील नेल्लोरला अडकलेल्या मुलाला आणण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये स्कूटरवरून जाऊन-येऊन सुमारे १,४०० किलोमीटर प्रवास केला. तिच्याजवळ पोलीस अधिकाऱ्याचे पत्र होते आणि वाटेसाठी भाकऱ्या. हिमालयात जाऊन आल्यावर वर्षभर त्याच्या चित्रफिती दाखवणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी या प्रवासाची नोंद घ्यावी अशी ती कामगिरी. हौशी स्वार घरी बसून दुसऱ्यांच्या सफरी पडद्यावर पाहत होता, तेव्हा हजारो मजूर मिळेल त्या दुचाकीवर, दोघे-तिघे बसून, उत्तरेच्या वाटेला लागले होते. त्यांच्या प्रवासाला कारण होते, परवानगी नव्हती.

उद्योगाचे काय झाले, हेही थोडक्यात सांगायला हवे. एप्रिल २०२० मध्ये बजाज ऑटोची देशांतर्गत विक्री शून्य होती. जे काही गेले ते परदेशी. राजीव बजाज यांनी जूनमध्ये जाहीरपणे सांगितले की या टाळेबंदीने संसर्गाचा नव्हे, तर अर्थव्यवस्थेचा आलेख सपाट केला. त्यांच्या मताशी सहमत व्हावे असे नाही, तथापि आकडे बोलके आहेत. २०१८-१९ मध्ये देशात दोन कोटी दहा लाखांवर दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये त्या सुमारे एक कोटी पस्तीस लाखांवर आल्या. घसरण साथीपूर्वीच सुरू झाली होती, हेही नमूद केले पाहिजे. कच्चे तेल एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी बाजारात शून्याखाली गेले असताना आपल्याकडे पेट्रोलचा दर तीन महिने जागच्या जागी होता, कारण मेमध्ये केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे दहा रुपयांनी वाढवले. जूनमध्ये लोक पंपावर परतले तेव्हा दर रोज चढू लागला आणि मे २०२१ अखेर मुंबईत त्याने शंभरी ओलांडली. रविवारच्या फेरीचे गणित त्यानंतर पूर्वीसारखे राहिले नाही.

जिल्ह्याची सीमा ही गोष्टही अनेकांना याच वर्षी समजली. ताम्हिणी ओलांडली की रायगड, खंबाटकीच्या अलीकडेच सातारा, माळशेज उतरला की ठाणे. ई-पासची अट २ सप्टेंबर २०२० पर्यंत टिकली आणि त्यात ‘प्रवासाचे कारण’ हा रकाना भरणे आवश्यक होते. मृत्यू, वैद्यकीय निकड, अडकलेले आप्त अशी उत्तरे तिथे अपेक्षित. वळणावर गाडी कलंडवताना मनाला जे वाटते, त्यासाठी अर्जात जागा नव्हती आणि नसावीही. सिंहगड, लोणावळा, मुळशी येथे पावसाळ्यात पर्यटकांना केलेली बंदी योग्यच होती. तिथल्या गावांत दवाखाना नव्हता आणि शहरात खाटा नव्हत्या. आक्षेप बंदीला नाही, तिच्या अंमलबजावणीला आहे. हजारो दुचाकी जप्त झाल्या, त्यांत औषधे आणायला निघालेलेही होते आणि दूध घालून परतणारेही. गाडी सोडवण्यासाठी पुन्हा पोलीस ठाण्यासमोर रांग, म्हणजे ज्या गर्दीपासून वाचवायचे तीच गर्दी. जुलै २०२० मधील दहा दिवसांच्या फेरटाळेबंदीत हे सारे पुन्हा घडले.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा सक्रिय रुग्णसंख्येत पुणे जिल्हा देशात आघाडीवर होता आणि ‘ब्रेक द चेन’च्या आदेशात शब्द आला ‘वैध कारणाशिवाय’. वर्षभरात विनाकारणचे एवढे शुद्धीकरण झाले. कारण वैध की अवैध, हे मात्र पूर्वीप्रमाणेच चौकातील शिपायाने, उन्हात उभे राहून, समोरच्या माणसाच्या कपड्यांकडे आणि गाडीकडे पाहून ठरवायचे होते.